पहाटेच्या धूनेमागचा पियानोवादक
चेंबर संगीताच्या मुंबईतील बैठकांपासून गोंडांच्या गाण्यांपर्यंत : वॉल्टर कॉफमन यांचा प्रवास

पोंभुर्णा : धानाच्या बांध्या, मोहाची झाडे आणि बांबूची रांजी यांच्या सोबतीने वसलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातील या तालुक्यात पहाट होते ती पाखरांच्या आवाजाने. परंतु एक काळ असा होता, की या आवाजात आणखी एक सूर मिसळलेला असे. घराच्या ओसरीवर टांगलेल्या किंवा चहाच्या टपरीवर ठेवलेल्या रेडिओची खरखर थांबायची, तंबोऱ्याची झंकार सुरू व्हायची आणि तिच्यावर व्हायोलिनची एक छोटी, किंचित उदास सुरावट पुन्हा पुन्हा उमटायची. बातम्या, भक्तिगीते आणि शेतीचे कार्यक्रम त्यानंतर. आकाशवाणीची ही ओळखधून ऐकत महाराष्ट्राच्या किमान तीन पिढ्या जाग्या झाल्या. मात्र ती रचणारा माणूस भारतीय नव्हता, तो मूळचा पियानोवादक होता आणि पोंभुर्ण्याच्या परिसरात ज्यांची मोठी वस्ती आहे, त्या गोंड समाजाच्या गाण्यांचाही त्याने अभ्यास केला होता, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

वॉल्टर कॉफमन हे त्यांचे नाव. हिटलरच्या उदयानंतर युरोप सोडावा लागलेल्या असंख्य ज्यू कलावंतांपैकी ते एक. १९३४ ते १९४६ अशी बारा वर्षे त्यांनी मुंबईत काढली. त्यांच्या मृत्यूलाही आता चार दशके उलटून गेली आहेत.

गुरुवारची बैठक

कॉफमन यांच्या मुंबईतील दिवसांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. साधारण १९३७ च्या सुमाराचे. त्यात तिघे वादक दिसतात. पियानोवर स्वतः कॉफमन, सेलोवर एजिडिओ वेर्गा आणि व्हायोलिनवर मेहली मेहता. हे मेहली मेहता म्हणजे जगप्रसिद्ध संगीत संचालक झुबिन मेहता यांचे वडील. १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना त्यांनीच केली. झुबिन यांचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा, म्हणजे १९३६ चा.

फेब्रुवारी १९३४ मध्ये मुंबईत उतरलेल्या कॉफमन यांनी अवघ्या काही महिन्यांतच बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी तिचे कार्यक्रम होत. मे १९३७ पर्यंत अशा कार्यक्रमांची संख्या १३६ वर गेली होती. तीन वर्षांतील आठवडे मोजले तर ही शिस्त किती काटेकोर होती, हे ध्यानात येते. मुंबईचा पाऊस, उकाडा आणि दमट हवेने सतत उतरणाऱ्या तारा यांना तोंड देत परक्या शहरात हा परिपाठ चालू ठेवणे सोपे नव्हते.

चेंबर संगीत म्हणजे दिवाणखान्यातील संगीत. दोन, तीन, चार वादक, समोर मोजके श्रोते आणि संचालक कोणीही नाही. आपल्याकडील घरगुती बैठकीशी त्याचे नाते सहज जुळते. फरक आहे तो साथीच्या कल्पनेत. आपल्या मैफलीत गायक किंवा मुख्य वादक पुढे असतो आणि साथीदार त्याच्या मागून चालतात. सेलो आणि पियानो यांच्या जोडवादनात मात्र कोण मुख्य आणि कोण साथीला, हे क्षणाक्षणाला बदलत राहते. सेलो हे व्हायोलिनच्याच कुळातील, परंतु आकाराने मोठे वाद्य. वादक खुर्चीवर बसून ते गुडघ्यांमध्ये उभे धरतो आणि गजाने वाजवतो. त्याचा आवाज खर्जाकडे झुकलेला, भरदार आणि माणसाच्या कंठाच्या अगदी जवळचा. हिंदी चित्रपटांतील करुण प्रसंगांच्या पार्श्वसंगीतात तो आपण नेहमी ऐकत आलो आहोत. बीथोवनने या जोडीसाठी पाच सोनाटा लिहिले. पहिल्या दोहोंत पियानोचेच वर्चस्व जाणवते. १८०८ मध्ये पूर्ण झालेल्या तिसऱ्या सोनाटात मात्र सेलो एकट्यानेच सुरुवात करतो आणि पुढे दोन्ही वाद्ये बरोबरीच्या नात्याने बोलू लागतात.

या दोन वाद्यांत एक मूलभूत भेदही आहे. पियानोची प्रत्येक पट्टी एका ठरलेल्या स्वराला बांधलेली असते. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर त्यातून निघत नाही. सेलोच्या तारेवर बोट सरकवता येते, त्यामुळे मींड घेता येते आणि स्वराला हवे तेवढे चढवता-उतरवता येते. आयुष्यभर पियानोपुढे बसलेल्या कॉफमन यांच्यापुढे भारतात जो प्रश्न उभा राहिला, त्याचे बीज या भेदातच होते.

कार्ल्सबाड ते मुंबई

१ एप्रिल १९०७ रोजी बोहेमियातील कार्ल्सबाड येथे कॉफमन यांचा जन्म झाला. आज चेक प्रजासत्ताकात असलेले हे शहर कार्लोव्ही व्हारी या नावाने ओळखले जाते. उष्ण पाण्याच्या झऱ्यांसाठी ते तेव्हाही प्रसिद्ध होते. बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर या नामवंत संगीतकाराकडे त्यांनी रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. जगभरच्या वाद्यांचा अभ्यास करणारे कुर्ट झाक्स यांचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. पुढे प्राग येथील जर्मन विद्यापीठात त्यांनी संगीतशास्त्राचे अध्ययन केले.

प्राग येथे त्यांचा प्रबंध पूर्ण झाला होता. केवळ पदवी स्वीकारणे बाकी होते. परंतु आपले प्राध्यापक गुस्टाव बेकिंग हे स्थानिक नाझी युवक संघटनेचे नेते आहेत, हे कळताच कॉफमन यांनी डॉक्टरेट घेण्यास नकार दिला. विशीतल्या तरुणाने वर्षानुवर्षांच्या श्रमांवर असे पाणी सोडावे, ही साधी बाब नव्हती. त्या एका निर्णयाने त्यांच्या विद्यापीठीय भवितव्याची दारे युरोपात जवळपास बंद झाली.

प्रागमधील याच काळात त्यांचे नाते फ्रान्झ काफ्का या महान लेखकाच्या कुटुंबाशी जुळले. त्यांची पहिली पत्नी गेर्टी ही काफ्काच्या बहिणींतील थोरली एली हिची कन्या. काफ्का १९२४ मध्येच निवर्तला होता. त्याच्या तिन्ही बहिणी मात्र पुढे नाझींच्या संहारात बळी पडल्या. एली हिला १९४१ मध्ये लोड्झ येथील ज्यूंच्या वस्तीत पाठविण्यात आले आणि तेथून ती परतली नाही. मुंबईत गुरुवारच्या बैठकांतून ज्या भूमीचे संगीत वाजत होते, त्याच भूमीवर ते वाजवणाऱ्याचे आप्त नाहीसे होत होते. त्या काळातील कॉफमन यांच्या कामाकडे पाहताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

भारताचीच निवड त्यांनी का केली, याचे उत्तर बरेचसे व्यावहारिक आहे. येथे येण्याची परवानगी मिळणे त्यांना शक्य झाले आणि मुंबईत एक ओळखीचा माणूस होता. चित्रपट निर्माते मोहन भवनानी यांनी जर्मनीत चित्रपटविद्येचे शिक्षण घेतले होते आणि कॉफमन यांच्याशी त्यांचा बर्लिनपासूनचा परिचय होता. भवनानी यांच्या चित्रपट कंपनीसाठी कॉफमन यांनी मुंबईत संगीतही दिले. प्रागचेच पत्रकार आणि लेखक विली हास हेसुद्धा पुढे मुंबईत आले आणि त्याच कंपनीसाठी पटकथा लिहू लागले. आजच्या भुलाभाई देसाई मार्गाच्या, म्हणजे त्या वेळच्या वॉर्डन रोडच्या परिसरात कॉफमन यांचे वास्तव्य होते.

दोष ऐकणाऱ्याचा

मुंबईत आल्यावर कॉफमन यांनी भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या. पहिला परिणाम निराशेचा होता. त्यांना त्या संगीतातले काहीही उमगले नाही. ते त्यांना परके आणि अगम्य वाटले. त्या काळातील पुष्कळ युरोपीय येथवर येऊन थांबत आणि या संगीतात समजण्यासारखे काही नाहीच, असा निर्वाळा देऊन मोकळे होत.

कॉफमन यांनी वेगळा विचार केला. ज्या संगीतावर कोट्यवधी माणसे पिढ्यानपिढ्या प्रेम करीत आली आहेत, ते अर्थहीन असणे शक्य नाही. तेव्हा दोष संगीतात नसून आपल्या कानात आहे, या निष्कर्षाप्रत ते आले. हा दोष दूर करायचा तर जेथे हे संगीत निपजते त्या लोकांतच राहिले पाहिजे, असेही त्यांनी ठरविले. आश्रयासाठी आलेला माणूस येथे विद्यार्थी होऊन राहिला, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

हे शिक्षण त्यांनी दुहेरी पद्धतीने चालविले. एकीकडे गुरुवारच्या बैठका, पाश्चात्त्य संगीताचे अध्यापन आणि स्वतःच्या रचना. दुसरीकडे रागांची मांडणी, तालांची गणिते आणि गायक-वादकांचे प्रत्यक्ष श्रवण. या दोन प्रवाहांची भेट त्यांच्या रचनांत दिसू लागली. मुंबईतील वर्षांत त्यांनी लिहिलेल्या चतुष्टकांत आणि सोनाटांत रचनेचा सांगाडा युरोपीय आहे, तर सुरावटीचे वळण अनेक ठिकाणी रागाकडे झुकते. भारतीय चालीखाली पाश्चात्त्य स्वरमेळ ठोकून बसविण्याचा सोपा मार्ग त्यांनी फारसा पत्करला नाही.

आकाशवाणीची धून

मुंबईचे नभोवाणी केंद्र खासगी कंपनीच्या अखत्यारीत २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ती कंपनी १९३० मध्ये डबघाईला आली आणि सरकारने सूत्रे हाती घेतली. जून १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव रूढ झाले. ओळखधूनेची रचनाही १९३६ चीच मानली जाते. कॉफमन हे पुढे १९३७ पासून १९४६ पर्यंत मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. या धूनेच्या श्रेयाबाबत अधूनमधून अन्य नावेही घेतली गेली. तथापि तिचे कर्तेपण आज सर्वसाधारणपणे कॉफमन यांच्याकडेच दिले जाते. मूळ ध्वनिमुद्रणातील व्हायोलिन मेहली मेहता यांचे असल्याचे मानले जाते.

ही धून शिवरंजनी रागाच्या अंगाने जाते, असे जाणकार सांगतात. शिवरंजनी म्हणजे सा, रे, कोमल ग, प आणि ध या पाच स्वरांचा राग. भूपाळीतील शुद्ध गंधार कोमल केला, की ही वेगळी हुरहूर जन्माला येते. धूनेचा पाया आहे तंबोरा. त्यावर गजाची वाद्ये येतात. विशेष हे, की हयातभर ज्या वाद्यापुढे तिचा रचनाकार बसला, तो पियानो तिच्यात कोठेही नाही.

याचे महत्त्व त्या काळातील एका वादामुळे अधिक कळते. हार्मोनियमच्या ठरलेल्या पट्ट्यांतून भारतीय संगीतातील श्रुती आणि मींड निघत नाहीत, हा आक्षेप तेव्हा जोरात होता. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स हे या आक्षेपाचे एक पुरस्कर्ते. १९३९ मध्ये त्यांचे कोलकात्यात निधन झाले आणि मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. अनेक दशके ती टिकली. पियानो हा याच ठरलेल्या पट्ट्यांच्या कुळातला. रागाच्या वळणाची सुरावट रचताना कॉफमन यांनी आपले वाद्य बाजूला ठेवले आणि जे वाद्य सरकू शकते, वळू शकते, त्याच्या हाती ती दिली. गुरुवारच्या बैठकीत सेलो आणि व्हायोलिन यांच्याशेजारी बसून त्यांनी जे ऐकले होते, त्याचा हा उपयोग होता.

१९५७ पासून आकाशवाणी हे नाव देशभर प्रचलित झाले. २०२३ मध्ये तर अधिकृत व्यवहारातून ऑल इंडिया रेडिओ हे इंग्रजी नावच गेले. नाव बदलले, ध्वनिक्षेपणाचे तंत्र बदलले, परंतु धून तीच राहिली.

गोंडांची गाणी

मुंबईतील बैठका आणि पोंभुर्ण्याचे अरण्य यांना जोडणारा धागा कॉफमन यांच्या संशोधनात सापडतो. रागसंगीताचा अभ्यास करता करता ते मध्य भारतातील आदिवासींच्या गाण्यांकडे वळले. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘म्युझिकल क्वार्टर्ली’ या प्रतिष्ठित नियतकालिकात गोंड आणि बैगा यांच्या लोकगीतांवर त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेत गेल्यावर ‘एथ्नोम्युझिकॉलॉजी’ या संशोधनपत्रिकेत त्यांनी आणखी दोन लेख लिहिले. १९६० चा लेख हिल माडिया, झोरिया मुरिया आणि बस्तर मुरिया या गोंड जमातींच्या गाण्यांवर, तर १९६१ चा त्यांच्या वाद्यांवर आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला ही नावे परकी नाहीत. पोंभुर्ण्याहून पूर्वेकडे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ पर्यंत तो चंद्रपूरचाच भाग होता. त्याच्या टोकाला भामरागडच्या डोंगरांत माडियांची वस्ती आहे आणि इंद्रावतीच्या पलीकडे बस्तर. राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी भाषा, नातीगोती आणि गाणी या नद्यांनी अडविली नाहीत. रात्री गोटुलसमोरच्या अंगणात फेर धरून गायली जाणारी रेला गाणी आजही या टापूची ओळख आहेत. एका गटाने ओळ उचलायची, दुसऱ्याने ती झेलायची, पावलांनी लय धरायची आणि मोजक्या स्वरांत रात्र जागवायची, अशी ही रीत.

त्याच काळात व्हेरिअर एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे हे मंडला भागात राहून गोंडांच्या गीतांचे शब्द गोळा करीत होते. गोंडांच्या काव्यावरील त्यांचे पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. शब्दांकडे लक्ष देणारे असे काही अभ्यासक होते. चालींकडे लक्ष देणारे मात्र विरळाच. शिक्षित समाजाच्या दृष्टीने या गाण्यांना संगीत म्हणण्याचीही पद्धत नव्हती. बीथोवन आणि ब्राम्स यांच्या परंपरेत वाढलेल्या संगीतकाराने ती गाणी स्वरलिपीत उतरवावीत, त्यांची रचना आणि वाद्ये यांची शास्त्रीय नोंद करावी, यात त्यांची तीच जुनी भूमिका दिसते. समजले नाही, तर आधी आपला कान तपासावा.

पुन्हा स्थलांतर

१९४६ मध्ये कॉफमन यांनी मुंबई सोडली. काही काळ इंग्लंडमध्ये घालवून ते १९४७ मध्ये कॅनडातील हॅलिफॅक्स येथे अध्यापनासाठी गेले. १९४८ मध्ये विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संचालकपद त्यांच्याकडे आले आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी ते सांभाळले. त्यांची ‘मद्रास एक्स्प्रेस’ ही वाद्यवृंद-रचना याच काळातली. भारतीय रेल्वेची लय त्यांच्या कानातून गेली नव्हती. दरम्यान पहिला विवाह संपुष्टात आला होता. विनिपेगमधील पियानोवादक फ्रेडा ट्रेपेल या त्यांच्या दुसऱ्या पत्नी.

१९५७ मध्ये ते अमेरिकेतील ब्लूमिंग्टन येथे इंडियाना विद्यापीठात रुजू झाले आणि १९७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. जो माणूस पदवी नाकारून विद्यापीठाबाहेर पडला, त्याला वयाच्या पन्नाशीत पुन्हा विद्यापीठ लाभले. मुंबईत केलेल्या टिपणांचे ग्रंथ येथे सिद्ध झाले. ‘म्युझिकल नोटेशन्स ऑफ द ओरिएंट’ १९६७ मध्ये, ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ १९६८ मध्ये आणि ‘द रागाज ऑफ साउथ इंडिया’ १९७६ मध्ये प्रकाशित झाला. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील ग्रंथाची मांडणी दहा थाटांना धरून आहे. ही थाटपद्धती पं. विष्णू नारायण भातखंडे यांची. भातखंडे यांचे १९३६ मध्ये मुंबईतच निधन झाले, म्हणजे कॉफमन यांच्या बैठका भरात असतानाच. एका महाराष्ट्रीय पंडिताने घातलेल्या घडीवर एका निर्वासित युरोपीयाने इंग्रजी वाचकांसाठी रागांचा कोश उभारला. ९ सप्टेंबर १९८४ रोजी कॉफमन यांचे निधन झाले.

उशिरा आलेली दखल

संशोधक म्हणून त्यांचे नाव टिकले, धून तर टिकलीच. हरवला तो संगीतकार. दर गुरुवारच्या श्रोत्यांसाठी लिहिलेल्या त्यांच्या चेंबर रचना दीर्घकाळ हस्तलिखितांतच पडून होत्या. मुंबईतील चित्रपट अभ्यासक अमृत गंगर यांनी २०१३ मध्ये कॉफमन यांच्या भारतातील वर्षांवर पुस्तक लिहिले. २०२० मध्ये कॅनडातील एआरसी एन्सेम्बल या वादकसमूहाने त्यांच्या निवडक चेंबर रचनांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. त्यात दोन चतुष्टके, व्हायोलिन आणि पियानोच्या रचना आणि एक सप्तक आहे. या सप्तकात तीन व्हायोलिने, एक व्हायोला, दोन सेलो आणि पियानो अशी सात वाद्ये एकत्र येतात. विलिंग्डन जिमखान्यातील ती छोटी बैठक जणू विस्तारून पुन्हा भरते.

मुंबईच्या बहुतेक रसिकांपर्यंत हे संगीत अजूनही पोहोचलेले नाही. या शहरात पाश्चात्त्य अभिजात संगीताचे कार्यक्रम नियमित होतात. सेलो आणि पियानोच्या जोडीलाही मोजका परंतु निष्ठावान श्रोतृवर्ग आहे. याच शहरात, याच हवेत लिहिल्या गेलेल्या रचना त्यात अधूनमधून तरी वाजाव्यात, ही अपेक्षा अवास्तव ठरू नये. पोंभुर्णा आणि भामरागडच्या तरुणांसाठीही एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्या आजी-पणजी ज्या घाटाची गाणी गात, त्यांची स्वरलिपी ऐंशी वर्षांहून अधिक काळ परदेशातील ग्रंथालयांत आहे. रेला गाण्यांचे व्हिडिओ मोबाइलवर सर्वत्र फिरतात. ही जुनी नोंद शोधून त्यांच्याशेजारी ठेवण्याचे काम येथील महाविद्यालये आणि अभ्यासक सहज हाती घेऊ शकतात.

ओसरीवरचे रेडिओ आता बहुतेक घरांतून गेले आहेत. जेथे ते उरले आहेत, तेथे पहाटे तंबोरा झंकारतो आणि त्यावर व्हायोलिन सुरू होते. घर, पदवी, आप्त आणि देश गमावून आलेल्या एका माणसाला या भूमीचे जे सूर प्रथम कळलेच नव्हते, त्यांची ही सुरावट आहे.